तळ्याची हद्द

१२ ऑक्टोबर २००२

आज दोन्ही गावं एका सतरंजीवर बसवली. समोरचे बोरदऱ्याचे लोक आणि आमचे धामणमळ्याचे लोक लग्नाखेरीज एकत्र येत नाहीत आणि लग्नातही मानपानावरून भांडतात, म्हणून हे लिहून ठेवते.

तळं एकच, पण त्याच्या मधून तालुक्याची हद्द जाते. आमचा काठ आंबेगावात, त्यांचा जुन्नरमध्ये. त्यामुळे तळ्याचं काही बिघडलं की ते नेहमी पलीकडच्या तालुक्यानं बिघडवलेलं असतं. दोन्हीकडच्या मोटारी पाणी ओढतात आणि भोई आळीतल्या बायकांच्या मच्छीमार संस्थेला उरतो चिखल. गेल्या उन्हाळ्यात तळं पार तळापर्यंत उपसलं. मेलेल्या माशांचा वास कळंबच्या बाजारपेठेपर्यंत गेला होता. नाकाला रुमाल लावून फिरणाऱ्या एकालाही लाज वाटली नाही.

संस्थेच्या सखूबाईनं यंदा ओढ्याच्या डोहांतून मोठ्या मरळी धरून आणून तळ्यात सोडल्यात. मरळ तळ्यातच अंडी घालते. या मरळी पुढच्या पाण्यापर्यंत जगल्या तर तळं पुन्हा माशांनी भरेल. मेल्या तर संस्था बंद आणि आळीतल्या सगळ्या बायका नारायणगावला टोमॅटो तोडायला. पाऊस तर यंदा निम्मासुद्धा झाला नाही.

मी तीस वर्षं मुंबईत सरकारसाठी समुद्रकिनाऱ्याचे नकाशे काढले. शेवटी एका खाडीचा आराखडा केला. कोळी, बंदरवाले, हॉटेलवाले चिंच खाल्ल्यासारखी तोंडं करून टेबलाशी बसायचे. पण पट्टे ठरले. इथं जाळी, इथं बोटी, इथं कोणीही काहीही करायचं नाही. खाडीचं जमलं तर या टीचभर तळ्याचं का जमू नये?

मी सरळ सांगितलं, "एक कोपरा सोडा. तिथं जाळं नाही, मोटार नाही. मासे तिथं निवांत राहतील."

सगळ्यांत आधी उठला माझा धाकटा भाऊ, भगवंत. म्हणाला, "वडाखालचा सगळा कोपरा घ्या. आमच्या काठाचा हाय, आमी सोडला."

बोरदऱ्याचा गेणभाऊ मागं कसा राहील? "मंग आमचाबी घ्या, पार बाभळीपातुर."

"घ्या की," सखूबाई म्हणाली. "आमी न्हाई तितं जाळं टाकत."

खाडीच्या लोकांना इथवर यायला अडीच वर्षं लागली होती. इथं चहा उकळायच्या आत झालं. लोकांशी नीट बोललं की लोक नीट वागतात, हे मी ऑफिसात कितीदा सांगितलं असेल!


२० ऑक्टोबर

हद्दीवर बांबू रोवले, त्यांना लाल निशाणं बांधली. गेणभाऊनं पाण्यात उतरून बांबू ठोकले. म्हणाला, "लई कष्ट न्हाईत बाई, हितं पाणी कमरंएवढंच हाय." मी म्हटलं, सोयीचंच झालं.

निशाणांचं कापड कळंबच्या चांदमलशेठनं दिलं. दोन्ही गावांचा कांदा त्याच्याच दुकानात जातो आणि खत-बी तिथूनच येतं, त्यामुळे त्याच्या ओट्यावर सगळे सारखेच. पणजोबा मारवाडातून आले. हा आता आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो. जीव वाचणार म्हटल्यावर खूष होऊन कापड फाडायला लागला. अर्धं फाडून झाल्यावर विचारलं, "आणि वाचलेल्या माशांचं पुढे काय करणार, बाईसाहेब?"

"पुढे पकडणार."

तो कात्री धरून तसाच बसला. कापड परत मागितलं नाही एवढंच.


९ फेब्रुवारी २००३

पुण्याला डोळ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने मैत्रिणीकडे राहून आज परत आले आणि सामान टाकून आधी तळ्यावर गेले. नव्या डोळ्यानं पहिलं काही नीट पाहिलं असेल तर ते हे.

माझी हद्द कोरडी आहे. वडापासून बाभळीपर्यंत पाण्याचा टिपूस नाही. पाणी पार खाली जुन्या ओढ्याच्या पात्राकडं सरकलंय आणि उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी पेरणी केली आहे. याला इथं गाळपेर म्हणतात. म्हणे दरवर्षी करतात. माझ्या लाल निशाणांमध्ये काकडीचे वेल तरारून आलेत. वेल भगवंताचे.

"ह्या निशाणांनी पाखरं येत न्हाईत, आक्का," तो म्हणाला. "लई झ्याक काम केलंस."


१० फेब्रुवारी

रागानं काल पुढं लिहवेना.

चूक माझी आहे, आणि ती कुठं झाली तेही कळलं. समुद्राच्या कामात आम्ही भरतीची रेषा धरतो आणि तिथून मोजतो. समुद्र ओहोटीला मागं जातो, पण दिवसातून दोनदा परत येतो. मी या तळ्यालाही तसंच समजले. हे दसऱ्यानंतर उठून जातं ते आषाढापर्यंत तोंड दाखवत नाही.

पण हे सगळ्यांना ठाऊक होतं! म्हणून तर तो कोपरा एवढ्या उदारपणे दिला. मी सखूबाईच्या दारात जाऊन जाब विचारला. "तुझ्याच मासळीसाठी चाललं होतं ना? मग तू का गप्प बसलीस?"

"तुमी खोल पाणी मागितलं असतं तर मी जाळं कुठं टाकायचं व्हतं, बाई?" ती म्हणाली, आणि जरा वेळानं, "आन् तुमी बोलूबी कुठं देत व्हता?"

तर मोटारवाल्यांना पाणी सोडायचं नव्हतं, हिला जागा सोडायची नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून मला कोरडा पडणारा कोपरा दिला. दोन गावं, दोन तालुके आणि भोई आळी यांनी एकत्र येऊन केलेलं हे पहिलं काम. आता दुसरं करायचं.


२ मार्च

दुसरी बैठक. या वेळी कळंबला, चांदमलच्या ओट्यावर. मी तोंड मिटून बसायचं ठरवलं होतं. जवळजवळ पाळलं.

आता हद्द जमिनीवर आखायची नाही. पाणी जाईल तशी तीही जाईल. पाणी तळ्याच्या पोटातल्या जुन्या ओढ्याच्या डोहापर्यंत उतरलं की सगळं बंद. मोटार नाही, जाळं नाही. जनावरांनी प्यावं, बायकांनी हंडे भरावेत, बाकी डोह मरळींचा.

"बंद म्हंजी कसं बंद?" गेणभाऊ म्हणाला. "राखण कोन करनार? रातच्याला बिबट्याच्या भ्यानं परसाकडं जायची पंचाईत."

"मंग बिबट्यालाच मेंबर करा," सखूबाई म्हणाली.

तोडगा भगवंतानं काढला, हे मी मोठ्या मनानं लिहिते. मोटारीच्या पेटीत फ्यूजच्या पांढऱ्या चिनीमातीच्या दांड्या असतात, त्यांना सगळे किटकॅट म्हणतात. त्या काढल्या की मोटार मुकी. तर पाणी डोहाला टेकलं की प्रत्येकानं आपले किटकॅट आणून चांदमलच्या दुकानात ठेवायचे आणि ओढ्याला नवं पाणी आलं की घेऊन जायचे.

चांदमल अडून बसला. "मासे मारण्यासाठी जे मासे वाचवायचे, त्यात मी नाही."

"काय म्हणणं आहे तुमचं?" मी विचारलं.

"पाणी आल्यापासून चातुर्मास संपेपर्यंत जाळं टाकायचं नाही. चार महिने. मग ठेवतो."

"कार्तिकापातुर आमी काय खावं, शेठ? तुमच्या दुकानातलं युरिया?" सखूबाई उसळली.

घासाघीस झाली. मरळ पावसाळ्यातच अंडी घालते आणि पिल्लं सांभाळते, म्हणजे तेव्हा जाळं नकोच, हे मी सांगितलं. तो पर्युषण, म्हणजे जैनांचे उपासाचे आठ दिवस, संपेपर्यंत उतरला. पर्युषण संपतं तेव्हा गणपती बसतो, आणि गणपती घरात असताना दोन्ही गावांत मासा घेणार कोण? म्हणून गणपती बुडेपर्यंत ठरलं. सखूबाईनं गेलेल्या दिवसांबद्दल तोंड वाकडं केलं, पण मान हलवली. आतून झमकूबाई, चांदमलची बायको, म्हणाली, "त्या आठ दिवसांत मी स्वतः काठावर जाऊन बघणार आहे, सांगून ठेवते."

खाडीच्या आराखड्यात इतकं चांगलं कलम एकही नव्हतं.


२९ मार्च

पाणी डोहाला टेकलं. सगळ्यांनी किटकॅट आणून दिले. बिस्किटांच्या डब्यात, प्रत्येकाच्या दांड्यांना वेगळ्या रंगाचा दोरा. भगवंत सगळ्यांत आधी गेला. मला अभिमान वाटला, तसं त्याला सांगितलंही. तो पायातले काटे काढत बसला.


११ एप्रिल

काकडी फार गोड आहे यंदा. आज दुपारी तिखटमीठ लावून तीन खाल्ल्या. बोरदऱ्याकडचे वेल जळून गेले म्हणतात, आमचे अजून हिरवेगार. भगवंत म्हणतो, "गाळाची वल हाय, आक्का. आमच्या बाजूचा गाळ पानी धरून ठिवतो." मातीतही नशीब असतं.

डोहाची मात्र काळजी वाटते. काठावर खुणेचा दगड ठेवला होता, पाणी त्याच्यापासून रोज लांब चाललंय. उन्हानं इतकं आटेल?


१६ एप्रिल

उन्हानं नाही. कोणीतरी ओढतंय.

शेतातून येताना आमच्या मोटारीच्या शेजारी जरा टेकले. चालून धाप लागली होती. मोटारीला हात लागला तर तापलेली. या उन्हात लोखंड नुसतं पडूनसुद्धा असं भाजतं, मग माणसांच्या डोक्यांचं काय होत असेल?

मला गेणभाऊचा संशय आहे. त्याची मोटार बाभळीच्या आड आहे, सगळ्यांत आत. आणि बैठकीत राखणीचा प्रश्न त्यालाच का सुचला?


१९ एप्रिल

आज डोहाशी दोन्हीकडची माणसं होती. मी सर्वांदेखत गेणभाऊला विचारलं. आडवळणानं विचारायची मला सवय नाही. शाळेतल्या आमच्या सिस्टर म्हणायच्या, खोटारड्याच्या डोळ्यांत बघ, तो पाय हलवतो. गेणभाऊनं पाय हलवला नाही. रागावलासुद्धा नाही. नुसता म्हणाला, "बाई, काकडी गोड लागती का?"

विषय बदलण्यात हे लोक पटाईत. आणि बाकीचे हसतात काय?


२१ एप्रिल

सकाळी सखूबाई आली. उंबऱ्याशी बसली, चहा घेतला, बशी पुसून ठेवली, उठेना.

"काय ते बोल," मी म्हटलं.

"दोन्ही गावं वाट बगत्यात, बाई."

"कशाची?"

"तुमची. बाई घरात कवा बगत्यात याची." मग हळूच म्हणाली, "समद्यांनी तारा कापून ठिवल्यात. तुमी न्हाई बोललात तर ह्या आठवड्यात समदे मोटारी लावणार. डोह दोन दिस टिकायचा न्हाई. मंग माझ्या मरळींचं जे व्हायचं ते व्हईल."

मी भगवंताच्या मोटारीची पेटी उघडली. किटकॅटच्या जागी तांब्याची तार वळून बसवली होती.

मी मूर्ख आहे असं लिहिणार नाही. मी कामात होते.

भगवंत वेलांत वाकून काकड्या काढत होता. मी विचारलं, "हे काय आहे?"

"तार हाय."

"ते मला दिसतंय."

"मंग कशाला इचारतीस?" तो सरळ झाला. "काकड्या खाताना न्हाई इचारलंस, पानी कुठनं येतंय त्ये."

मी आवाज चढवला. सगळं सांगून झालं: डोह, सखूबाई, त्यानंच सुचवलेला तोडगा.

"सुचवला, कारण मला मोडता येत व्हता," तो म्हणाला. हे खरं होतं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी घरचा हाय, आक्का. घरात बोल, बंद करतो. गावात कशापायी नेतीस?"

"गेणभाऊला मी गावात बोलले," मी म्हटलं. "त्याचं काहीही नसताना. मग तुला घरात कसं बोलू?"

त्यानं काकड्यांची पाटी तिथंच टाकली आणि निघून गेला. मला हाक मारायची होती. मारली नाही. चूक झाली की बरोबर झालं, हे आज तरी सांगता येत नाही.


२२ एप्रिल

डोहाशी सगळ्यांना बोलावलं. भगवंत आला, लांब उभा राहिला.

मी सांगितलं की पाणी माझ्या घरानं ओढलं आणि त्यावर पिकलेलं मी खाल्लं. गेणभाऊची माफी मागितली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई, लई मोठ्यांदा मागू नका. माझीबी तार घरात कापून ठिवलीया."

मी म्हटलं, तारेनं भागतं तर किटकॅटला अर्थ नाही. आमची मोटारच काढा.

कोणी हलेना. घरच्या माणसाची मोटार परक्यांनी कशी उचलायची? शेवटी गेणभाऊच पुढं झाला, मग सखूबाई आणि तिच्या आळीतल्या बायका. दोर लावून मोटार ओढली, बैलगाडीत घातली आणि कळंबला चांदमलच्या ओट्यावर नेऊन ठेवली. भगवंत बैलांच्या शेजारून चालला, बैल त्याचेच होते. माझ्याकडं पाहिलं नाही.

गाडी परत आली तर गेणभाऊ आपली मोटार सोडून तयार. "आमचीबी न्या, राव. ही तितं एकलीच बसली तर रडंल." मग त्याच्या शेजाऱ्याची, मग आमच्या वाडीतल्या सगळ्यांची. दिवेलागणीला चांदमलच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

"आता गिऱ्हाईक बसणार कुठं?" झमकूबाई ओरडली.

"मोटारीवर," चांदमल म्हणाला.


८ मे

भगवंताचे वेल जळाले. मी त्या बाजूनं जात नाही, लांबच्या वाटेनं जाते.

तो जेवायला समोर बसतो, पण मीठ हवं असेल तर भिंतीला सांगतो. मी भिंतीच्या वतीनं देते. मला वाईट वाटतं, ते लिहायला हरकत नाही. चूक मात्र वाटत नाही.


३० मे

डोह आता देवळाच्या अंगणाएवढा. मरळी श्वासाला वर येतात, काळं तोंड उघडतं, मिटतं, पुन्हा गढूळ पाणी. सखूबाई सकाळ-संध्याकाळ येऊन बघते, मोजत नाही. म्हणते, मोजलं की दृष्ट लागते.

बगळे फार झाले होते आणि कोणीतरी चोरून जाळं टाकायचं भयही होतं. पण परवा कोणीतरी बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून डोहभर टाकल्या. आता बगळा उतरत नाही आणि जाळं टाकलं तर फाटेल. फार चांगलं डोकं चालवलं. मी बोरदऱ्यात विचारलं, सखूबाईला विचारलं, कोणीच नाव घेईना. फांद्या आमच्याच बांधावरच्या आहेत, न विचारता तोडल्या, पण या वेळी सोडून दिलं.

भगवंताच्या दोन्ही हातांवर ओरखडे आहेत. उन्हातान्हात काय करत फिरतो कोण जाणे. औषध लावू का विचारलं तर भिंत काही बोलली नाही.


२३ जून

इथं थेंब नाही, पण वर डोंगरात झाला असावा. दुपारी ओढ्याला पाणी आलं. आधी फेस आणि काटक्या, मग लालसर पाणी, वळणावळणानं, सावकाश, पाहुण्यासारखं. डोहात उतरलं तेव्हा सखूबाई काठावर मटकन बसली. म्हणाली, "जगल्या." आणि मग इतकी मोठ्यांदा हसली की पलीकडची म्हैस उधळली.

मोटारी न्यायला या म्हणून चांदमलनं निरोप धाडला. झमकूबाई म्हणे ओट्यावर शेणसडा टाकायला तयार उभी आहे.


१७ ऑगस्ट

काठच्या गवतात पिल्लं. सगळी मिळून नारिंगी चेंडूसारखी फिरतात आणि खाली आई-बाप पहारा देतात. गेणभाऊ सगळ्या गावाला दाखवत फिरतो, जणू त्यानंच घातलीत. भगवंत तिथं उभा होता. मी गेल्यावर निघाला.


१० सप्टेंबर

काल गणपती बुडाले, आज पहाटे भोई आळीनं जाळी टाकली. चांदमल आणि झमकूबाई काठावर आले होते. जाळं वर आलं तेव्हा दोघांनी पाठ फिरवली, पण गेले नाहीत. झमकूबाई म्हणाली, "लहान असतील ते सोडायला सांगा." सखूबाईनं सोडले. सांगितलं नसतं तरी सोडले असते, पण तिनं झमकूबाईला दिसेल असे सोडले.

पहिली मरळ मी घरी आणीन असं मला वाटलं होतं. बैठकांची अध्यक्ष मी आहे. सखूबाई टोपली घेऊन माझ्या समोरून सरळ पुढं गेली, आमच्याच घरी, आणि भगवंताच्या पुढ्यात ठेवली.

"ही तुमची, दादा. औंदा समद्यांत जास्त तुमचं गेलं."

मला राग आला. अजूनही थोडा आहे. पण भगवंत जे काही उभा राहिला, हातात काही धरता येत नसल्यासारखा, ते पाहून मी स्वयंपाकघरात जाऊन मसाला वाटायला घेतला. तो माझा प्रांत नाही, भावजयीनं पाटा काढून घेतला.

जेवायला बसलो. भगवंतानं काटे ताटाच्या कडेला लावले, नीट, एकाशेजारी एक. मग भिंतीकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाला, "आक्का, औंदा पानी बरंय. हद्द कुठनं धरायची?"

चार महिने आणि काही दिवसांनी.

"तू सांग," मी म्हटलं. "पाणी कुठं जाणार ते तुला ठाऊक."

त्यानं रश्श्यात बोट बुडवलं आणि ताटात तळं काढलं. आमचा काठ, त्यांचा काठ, मधला जुना ओढा. मग एक आडवी रेघ. यंदाच्या उन्हाळ्यातल्या हद्दीपेक्षा कडक, आमच्या मोटारीच्या कितीतरी अलीकडं. "ह्याच्या खाली पानी गेलं का समदं बंद. मार्चात न्हाई, फेब्रुवारीतच."

मी ताट ओढून नीट पाहिलं. बोरदऱ्याच्या बाजूनं रेघ फार आत घेतली होती. फेब्रुवारीत त्याची मोटार बंद म्हणजे गेणभाऊचा गहू जाईल.

मी हरकत घेतली.